ह्यानं साहेबरावाचं काय बिघडतंय?

केसरबाईच्या गोठ्यात लक्ष्मी, गौरी, कपिला असली नावं कधी ऐकू आली नाहीत. गाई-म्हशींना ती नाव ठेवतच नसे. काळी, बांडी, मोडक्या शिंगाची एवढ्यावर तिचं भागायचं. नाव मिळायचं ते फक्त नरांना, आणि तेही तिला ज्यानं छळलं त्याचं. टोणग्याचं नाव होतं साहेबराव.

साहेबराव म्हणजे तिचा धाकटा दीर. गावच्या दूध संस्थेचा चेअरमन. घर तिच्या गोठ्याच्या बरोबर समोर. सकाळी चहाची बशी घेऊन तो ओट्यावर बसला की समोरून आवाज यायचा, "ए साहेबराव! शेणात कशाला लोळून राह्यला रे? ऊठ की मेल्या!" बशी तोंडाशी थांबायची. गल्लीतली माणसं खाली मान घालून, ओठ दाबून निघून जायची. चेअरमनला काही बोलता येत नसे. टोणगा तिचा, गोठा तिचा, नाव काय ठेवायचं हा तिचा प्रश्न.

मी चौऱ्याऐंशी साली जाफराबाद तालुक्यातल्या पिंपळझरीला जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून रुजू झालो. शिक्का पर्यवेक्षकाचा, पण गाव मला डाक्टर म्हणायचं. सायकलच्या मागे नायट्रोजनचा डबा बांधून मी दारोदार फिरायचो आणि लोकांना गाई सुधारा, म्हशी वाढवा म्हणून सांगायचो. लोक चहा पाजायचे, मान हलवायचे आणि काही करायचे नाहीत. कुणी म्हणायचं, दोन म्हशी लई झाल्या, जास्त बांधल्या की गावाच्या डोळ्यात येतं. कुणी म्हणायचं, लस टोचली की दोन दिवस दूध तुटतं, ते कोण भरून देणार? त्यांचं सगळंच खोटं होतं असं नाही. उन्हाळ्यात पूर्णेचं पात्र कोरडं पडायचं, कडबा होळीलाच संपायचा, आणि जिथं दूध घालायचं ती संस्था एकाच माणसाच्या मुठीत होती. अशा गावात जनावर वाढवायला हिंमत लागते, आणि हिंमत माझ्या डब्यात नव्हती.

केसरबाईनं तर पहिल्याच दिवशी मला खराटा घेऊन हाकललं. उंच, काटक बाई. आवाज घोगरा. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, एकुलती मुलगी भोकरदनकडे दिलेली. दावणीला दोन म्हशी आणि एक गावरान गाय.

"काय हाय त्या डब्यात?"

"वळूचं बीज आहे मावशी. जर्सीचं."

"म्हंजी गाईचा नवरा डब्यातून आनला म्हना की! निघा हितून. तुमची ती जर्सी म्हंजी हत्तीचं पोट आन् उंदराचं काळीज. तिला ऊन सोसत न्हाई, माशी सोसत न्हाई. खर्चा मातर आपन सोसायचा. मला बिलकुल नको."

या बाईनं पुढं सबंध गावाला जनावरं सांभाळायला शिकवलं. का शिकवलं, ते सांगायला हवं.

तिचा गोठा रस्त्याला लागून होता, शेजारी बारमाही विहीर. साहेबरावाला ती जागा संस्थेच्या इमारतीसाठी हवी होती. त्यानं तीनदा विचारलं, तिनं तीनदा नाही म्हटलं. मग एका सकाळी, चैत्राचे दिवस होते, ती नेहमीप्रमाणे दूध घालायला आली. गोठा जवळच, त्यामुळं धार काढली की ती तडक यायची. दुधावर अजून फेस होता, वाफ होती. साहेबरावानं मापाऱ्याला बाजूला सारलं आणि स्वतः दुधात दाटपणा मोजायची काचेची नळी सोडली. नळी खोल खाली गेली, पातळ दुधात जाते तशी.

"वैनी, डिग्री लागत न्हाई. पानी हाय."

"माझ्या दुधात?"

"नळी खोटं बोलती का?"

आणि तीस-चाळीस माणसांसमोर त्यानं तिची बरणी उचलून रस्त्याच्या कडेच्या नालीत ओतली. नवऱ्यामागं पाणी घालून पोट भरणारी बाई, असंही काहीतरी पुटपुटला.

मी तिथंच होतो. ताजं, गरम दूध नळीला पातळच दिसतं, ते गार झाल्यावरच मोजायचं असतं, हे मला प्रशिक्षणात शिकवलेलं. एक वाक्य बोलायचं होतं. पण मी साहेबरावाच्या माडीवरच्या खोलीत राहत होतो आणि त्याच्याच घरी जेवत होतो. मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत उभा राहिलो.

केसरबाई रडली नाही, भांडली नाही. तिनं बरणी उचलली, हापशावर नेऊन विसळली, पालथी घातली, पाणी निथळू दिलं. जाताना एवढंच म्हणाली, "भाऊजी, ध्यानात ठिवा. मी तर ठेवनारच हाय."

चौथ्या दिवशी ती दवाखान्यात आली. तोपर्यंत मला अहो-जाहो करणारी बाई त्या दिवसापासून अरे-तुरेवर आली. मला वाटलं, माया लागली असावी.

"डाक्टर, साहेबरावाच्या गोठ्यात दूध किती निघतं?"

मी सांगितलं. त्याच्याकडे पाच संकरित गाई होत्या, तालुक्यात नाव होतं त्याचं.

"मला त्याच्याहून जास्त पायजे. काय काय करायचं ते सांग. आन् तो डबा घेऊन ये, गाय माजावर हाय."

त्यानंतरची दहा वर्षं मी या बाईला जे जे सांगितलं त्यावर तिचा एकच प्रश्न असायचा. मी म्हणायचो, मावशी, गोठ्याच्या भिंतीला झरोके पाडा, जनावराला हवा लागते. ती म्हणायची, "ह्यानं साहेबरावाचं काय बिघडतंय?" मी म्हणायचो, गाभण म्हशीचं दूध शेवटचे दोन महिने काढू नका. "ह्यानं साहेबरावाचं काय बिघडतंय?" सुरुवातीला मी गोंधळायचो. मग मला कळ सापडली.

"मावशी, लाळ-खुरकुताची लस टोचून घ्या."

"ह्यानं साहेबरावाचं काय बिघडतंय?"

"साहेबराव टोचून घेत नाहीत. मागच्या साथीत त्यांच्या दोन गाई आटल्या."

"मंग टोच. जल्दी टोच. टोनग्याला बी टोच, त्याचं नाव असलं तरी."

असं करत तिनं सगळं केलं. वासराला जन्मल्याबरोबर चीक पाजला, गव्हाणी बांधल्या, कडब्याची कुट्टी केली. डब्यातल्या बीजानं झालेल्या कालवडीतून पुढं संकरित गाय उभी राहिली, आणि जर्सीला उंदराचं काळीज म्हणणारी बाई भर उन्हात तिच्या पाठीवर ओली पोती टाकू लागली. धार काढताना ती नेहमी साहेबरावाच्या घराकडे तोंड करून बसायची. मी एकदा म्हटलं, पाठीवर ऊन येतं, फिरून बसा. ती म्हणाली, "राग ढिला सोडू न्हाई डाक्टर. दाव्यावानी असतो. ढिला सोडला की जनावर दुसऱ्याच्या वावरात."

संस्थेत तिनं पुन्हा पाय ठेवला नाही. दूध जाफराबादला हॉटेलांना घालू लागली. पहिल्या दिवशी कंडक्टरनं बरणी एसटीत चढू दिली नाही, तर ही पायरीवर बसून राहिली. "माझं दूध खाली, तर तुझी गाडी बी हितंच." शेवटी प्रवाशांनीच बरणी आत ओढली. मग जिचं दूध संस्थेत नाकारलं जाईल ती बाई हिच्याकडे यायची. साहेबराव माणसं तोडत गेला, ही जोडत गेली. प्रेमानं नव्हे, एकेक बाई आली की हिच्या तोंडावर साहेबरावाचं एकेक दार बंद केल्याचं समाधान दिसायचं.

या बायकांना एकदा मी दूध टिकवायचं कसं ते सांगत होतो. बरणी आधी हौदाच्या पाण्यात ठेवून गार करा, नाहीतर नासतं, आणि गरम दुधाची डिग्रीही कमी लागते, असं मी बोलून गेलो. केसरबाईनं माझ्याकडे बघितलं.

"हे तुला कवापासून ठाऊक हाय?"

"शिकलो तेव्हापासून."

पुढं काही दिवसांनी तिच्या गोऱ्ह्याला खच्ची करायला मला बोलावलं. मी चिमटा लावला, गोऱ्हा धडपडत उठला. त्याच्या पाठीवर थाप मारून ती म्हणाली, "ह्याचं नाव डाक्टर." बायका पदरात तोंड लपवून हसल्या. मीही हसलो. तोवर माझं लग्न झालेलं. घरी जाऊन बायकोला कौतुकानं सांगितलं, बघ, गोऱ्ह्याला माझं नाव दिलं.

तिच्या सगळ्या उद्योगांत गावाला जास्त हसू आलं ते खड्ड्याचं. हिरवा मका कापून, कुट्टी करून खड्ड्यात दाबून भरायचा, वर कागद, माती, चिखल लिंपून हवा बंद करायची. मुरघास. मी तीन वर्षं घसा फोडून सांगत होतो आणि कुणी ऐकत नव्हतं. पारावरची माणसं म्हणायची, हिरवा चारा जित्तेपणी पुरायचा, हे कुठलं शास्त्र? केसरबाईनं दोन खड्डे भरले. लोक म्हणाले, "म्हातारीनं चाऱ्याला माती दिली, आता तेरावं कवा?" ती म्हणाली, "जेवायला बोलवीन की."

पुढं एका वर्षी परतीचा पाऊस आलाच नाही. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. माघातच गावात कडबा दिसेनासा झाला. लोकांनी जनावरं बाजाराला नेली. सरकारी चारा छावणी उघडणार, उघडणार असं नुसतं ऐकू येत होतं. संकरित गाईंनी आधी धीर सोडला. साहेबरावाच्या पाचही गाई बसल्या त्या उठेनात. मी जायचो, सलाईन लावायचो. पण रिकाम्या पोटाला औषध काय करणार? साहेबराव माणूस म्हणून कसाही असो, गाईंच्या बाबतीत वाईट नव्हता. छपराचा जुना पाला ओढून चारायचा. एका गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला मी त्याला पाहिलाय.

आणि समोरच्या गोठ्यात केसरबाईनं पहिला खड्डा उघडला. आंबूस, गोडसर वास सगळ्या गल्लीत पसरला. समोरच्या गाई त्या वासानं हंबरू लागल्या.

आधी साहेबरावाची बायको अनुसया आली. केसरबाईनं तिला चहा दिला, जवळ बसवलं आणि म्हणाली, "तुझं माझं काही भांडन न्हाई. पन चारा तुझ्या हातात द्यायची न्हाई. ज्याच्या गाया हायेत त्याला येऊ दे."

दुसऱ्या दिवशी साहेबराव स्वतः आला. मी तिथंच एका म्हशीच्या सुजलेल्या सडाला मलम लावत होतो. दहा वर्षांत त्यानं त्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता.

"वैनी, गाया मरून राह्यल्या."

"दिसतंय."

"बाजारात कसायाशिवाय गिऱ्हाईक न्हाई."

"ते बी ठाऊक हाय."

"काय पायजे ते मागा."

"पैसा नको. जागा तर माझीच हाय." तिनं हातातली पाटी खाली ठेवली. "गाया हितं आनून बांधा. माझ्या म्हशी खातील ते तुमच्या गाया खातील, मुठीनं कमी न्हाई. फकत रोज सकाळी माझी बरनी तुमी उचलायची. संस्थेपुढं न्यायची. समद्यांसमोर त्यात नळी घालायची आन् मोठ्यानं म्हनायचं, केसरबाईच्या दुधात पानी न्हाई. पाऊस पडंस्तोवर."

साहेबरावानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हशीच्या सडाकडे पाहत राहिलो.

"वैनी, माझी इज्जत..."

"माझी नालीत वतली व्हती. मला कुनी पाऊस पडंस्तोवर म्हन्लं न्हाई."

संध्याकाळी गाई आल्या. बैलगाडीवर घालून आणाव्या लागल्या. केसरबाईनं त्यांना स्वतःच्या हातानं पाणी पाजलं, अंगाखाली पाचट पसरलं, तोंडापाशी मूठमूठ मुरघास धरला. कुठल्याही जनावराला तिनं शत्रूचं जनावर मानलं नाही.

आणि सकाळी बरणी साहेबरावाच्या हातात दिली.

पहिल्या दिवशी सगळं गाव जमलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. साहेबरावानं नळी सोडली. नळी बरोबर जागेवर तरंगली. तो काहीतरी पुटपुटला. केसरबाई पदराखाली हात बांधून उभी होती.

"आयकू न्हाई आलं भाऊजी."

"केसरबाईच्या दुधात पानी न्हाई."

लोक हसले. खरं सांगतो, मीही हसलो. चेअरमनच्या दारात ज्यानं ज्यानं मान खाली घातली होती त्या प्रत्येकाला त्या सकाळी गोड घास मिळाला.

दुसऱ्या आठवड्यात गर्दी कमी झाली. तिसऱ्यात लोक तिकडून जायचं टाळू लागले. ऊन वाढत होतं, साहेबरावाचे ओठ फुटले होते. नंतर त्याला ताप भरला, तरी तो अनुसयेच्या खांद्याला धरून यायचा. आवाज पार बसलेला. समोर ऐकायला कुणी नसायचं, फक्त ती. आणि ती रोज म्हणायची, "आयकू न्हाई आलं."

एक दिवस मला राहवलं नाही. मी गोठ्यात गेलो. ती साहेबरावाच्या गाईचं अंग चोळत होती. गाईचं पोट भरलं होतं, कातडी चकाकत होती.

"मावशी, पुरे करा आता. माणूस मरेल."

तिचा हात थांबला नाही.

"त्या दिशी दूध गरम व्हतं. तुला ठाऊक व्हतं. व्हय का न्हाई?"

"होतं."

"मंग तवा गप बसलास. आता बी गप बस. ते तुला बराबर जमतं." मग ती माझ्याकडे वळली. "तू गाया भरवल्या, लसी टोचल्या, समदं खरं. म्हनून तर गोठ्यात येऊ देते. पन त्या गोऱ्ह्याला तुझं नाव कशापायी ठिवलं, हे कधी इचारलं न्हाईस."

मी बाहेर आलो. सायकल हातात धरून किती वेळ चाललो ते आठवत नाही.

मृगाच्या पहिल्या आठवड्यात पाऊस झाला. साहेबराव भिजतच आला आणि एकेक गाय सोडू लागला. पाचच्या पाच जिवंत होत्या, स्वतःच्या पायानं चालत होत्या. शेवटची गाय सोडताना तो थांबला. त्याला काहीतरी म्हणायचं असावं. केसरबाई शेण भरत होती. तिनं मान वर केली नाही. तो गेला.

त्यानंतर त्यानं चेअरमनपद सोडलं. कुणी मागितलं नव्हतं. सकाळी संस्थेपुढं उभं राहणं त्याला जमेना. आणि त्याच वर्षी पिंपळझरीत एका हंगामात अठरा खड्डे भरले गेले. मी एकालाही सांगायला गेलो नव्हतो. लोक स्वतः येऊन विचारत, डाक्टर, कागद कसा लिंपायचा? मी विचारलं, आता कसं सुचलं? एक जण म्हणाला, "कुनाच्या दारात गाय घेऊन जायची येळ नको यायला." वरच्या ऑफिसनं माझं कौतुक केलं. अहवालात बदलाचं कारण लिहायचं होतं. मी लिहिलं, शेतकऱ्यांमधील जनजागृती.

पुढं माझी बदली परतूर तालुक्यात आष्टीला झाली. साहेबराव वारल्याचं तिथंच कळलं. केसरबाईनं सुतक नीट पाळलं म्हणे.

ती मला शेवटची दिसली जाफराबादच्या जनावरांच्या बाजारात. मी निवृत्त झालो होतो, लग्नाला म्हणून तिकडे गेलो होतो आणि परतीच्या जीपची वाट बघत होतो. पलीकडे एक म्हातारी म्हशीच्या तोंडात मनगटापर्यंत हात घालून दात बघत होती.

"दुसऱ्या वेताची म्हंतो व्हय? ही चौथ्या वेताची हाय. मला शिकवू नको."

व्यापारी शपथा घेत होता. मी जवळ गेलो. तिनं लगेच ओळखलं.

"डाक्टर. म्हातारा झालास की."

मी गोठ्याचं विचारलं. अकरा जनावरं आहेत म्हणाली. मग स्वतःहूनच बोलली, "साहेबराव गेल्यावर दोन महिने हात चालंना. कुनासाठी करायचं? मंग म्हन्लं, म्हशीला काय ठाऊक कोन मेलं. तिची धार तर येळेवर काढावीच लागती."

जीप आली. ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. मी इतक्या वर्षांचं मनातलं बोलून टाकलं.

"मावशी, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

"चुकलं," ती म्हणाली.

मी वाट पाहिली. ती म्हशीच्या अंगावरून हात फिरवत होती.

"माफ केलं म्हणा."

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, मायाही नव्हती.

"न्हाई. जा, जीप निघून राह्यली."

मी चढलो. मागच्या खिडकीतून पाहिलं तेव्हा ती म्हशीच्या कासेजवळ उकिडवी बसली होती. एकेक सड दाबून ती दुधाची धार तळहातावर घ्यायची, नीट बघायची आणि मातीत झटकून टाकायची. चारही सड तपासून होईपर्यंत जीप वळणावर आली. तिनं वर पाहिलं नाही.